जलाशयांचे क्षमता तक्ते बदला: जलसंपदामंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदामंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

दर पावसाळ्याआधी जलाशय परिचालन आराखडे मंजुरीसाठी येतात. कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची यावर चर्चा झडते. त्या पातळीला पाणी किती, हे सांगणारा क्षमता तक्ता मात्र कुणी तपासत नाही. अनेकदा तो धरण बांधतानाचाच असतो.

गाळ फक्त मृतसाठ्यात, म्हणजे धरणाच्या तळाच्या न वापरता येणाऱ्या पाण्यात जातो, हा समज चुकीचा आहे. जलाशयाच्या मुखाशी, म्हणजे नदी जिथे त्यात शिरते तिथे, प्रवाह मंदावतो आणि जाड वाळू तिथेच, म्हणजे उपयुक्त साठ्यात, बसते. भिंतीपर्यंत पोचतो तो मुख्यतः बारीक गाळ. पूर आला की मोकळी जागा तक्त्यापेक्षा कमी निघते, पातळी अंदाजापेक्षा झपाट्याने चढते, दरवाजे उशिरा उघडतात आणि मग एकदम मोठा विसर्ग सोडावा लागतो. खालच्या गावांना सावरायला वेळच उरत नाही, ही आमची खरी काळजी आहे.

येवा, म्हणजे जलाशयात येणारे पाणी, सहसा थेट मोजला जात नाही. साठ्यातल्या वाढीत विसर्ग आणि बाष्पीभवन मिळवून तो काढतात. ५० चौरस किलोमीटरच्या जलाशयात १ सेंटीमीटर म्हणजे ५ लाख घनमीटर पाणी. वाऱ्याने भिंतीपाशी पाणी तेवढे चढले, तर तासाच्या हिशेबात सुमारे १३९ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे जवळपास ४,९०० क्युसेक येवा उगाच दिसतो! म्हणून पातळी शांत विहिरीत, म्हणजे जलाशयाला जोडलेल्या पण लाटा न पोचणाऱ्या कूपात मोजावी, दुसरी मोजपट्टी भिंतीपासून दूर बसवावी, येवा ३ तासांच्या सरासरीने काढावा. एकाच नोंदीवर दरवाजा हलवू नये. दरवाज्यांचे विसर्ग तक्तेही धरणाखाली प्रत्यक्ष प्रवाह मोजून पडताळावेत.

दर ५ वर्षांनी आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर साठ्याचे सर्वेक्षण व्हावे. जलाशय भरलेला असताना बोटीवरून ध्वनिलहरींनी खोली मोजावी. मुखाकडे मोजणीच्या रेषा जवळजवळ घ्याव्यात. उथळ काठ उन्हाळ्यात उघडे पडल्यावर ड्रोनने मोजावेत. मोजपट्टीचा शून्य आणि सर्वेक्षणाची आधारपातळी आधी जुळवून घ्यावी, नाहीतर १० सेंटीमीटरच्या फरकाने सगळी मेहनत वाया जाते.

नव्या तक्त्याने कागदावरचा साठा घटेल, सिंचनाचे वाटप कापावे लागेल. म्हणून तो लांबणीवर टाकला जातो. सर्वेक्षणानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यापासून तो लागू होईल, अशी तारीख कृपया आदेशातच घालावी.

आपले,
धरण परिचालन आणि जलविज्ञान क्षेत्रातील अभियंते