ती. स्व. मावशींना, दोन गोणी बटाट्यांबद्दल

ती. स्व. मावशींस,
सा. न. वि. वि.

असं चारचौघांत पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे ठाऊक आहे. पण तोंडावर आभार मानायला तुमच्या पोळी-भाजी केंद्रावर आलो तेव्हा तुम्ही तव्यावरची पोळी उलटत "बरं बरं, सुटे आहेत का?" एवढंच म्हणालात, आणि माझ्या मागे डबेवाल्यांची रांग. म्हणून हे लिहून. शिवाय शिमग्याच्या आगेमागे गावाकडून गोण्या येणारं आमचं एकच घर नाही. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते इतरांच्याही कामी येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझी सासरवाडी आंबेगाव तालुक्यातली. मंचरच्या त्या पट्ट्यात बटाटा मोठा. सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावरचा खरिपाचा, आणि खाली पाण्याची सोय असलेल्या रानांत रब्बीचा. दिवाळीच्या सुमाराला लावलेला माल महाशिवरात्रीच्या पुढेमागे काढायला येतो. यंदा काढणी झाली आणि भाव बसला. "गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात काय राहणार? त्यापेक्षा तुम्हीच खा," म्हणून मेहुण्याने टेम्पोत दोन गोण्या टाकून दिल्या. म्हणजे शंभर किलो. घरात खाणारी माणसं चार, त्यातल्या अण्णांना मधुमेह.

सुरुवात झकास झाली. काचऱ्या, उपवासाची भाजी, पराठे, रस्सा. मग गाडी घसरली. वैताग याचा की काल जमलेली गोष्ट आज जमेना. हात तेच, कढई तीच, तेल तेच. शनिवारचे वडे सोसायटीत वाटले आणि लोकांनी नावाजले. रविवारी पाहुणे जेवायला असताना तशाच सारणाचा पहिला वडा तेलात सोडला तर तो टम्म फुगला, एका कुशीला फाटला आणि आतलं सारण सरळ तेलात उतरलं. तेल फसफसून वर आलं. झाऱ्याने निपटून काढलं तर झाऱ्यात बेसनाचं रिकामं टरफल. दुसऱ्या घाण्याची तीच गत. पाहुण्यांनी शेवटी चटणी-पाव खाल्ला आणि "चटणी छान झालीय" म्हणाले. पाहुणे सासरचेच होते, त्यामुळे ही बातमी माझ्याआधी मंचरला पोचली.

लेकीने वेळ वाचवायला उकडलेले बटाटे मिक्सरमधून फिरवले. झाकण उघडलं तर आत पतंगाला लावायची खळ. चमचा उलटा धरला तरी पडेना. बायकोने आमसुलं आणि टोमॅटो घालून रस्सा टाकला. तासभर उकळूनही फोडी दाताखाली कचकच वाजत होत्या. अण्णांनी नासू नयेत म्हणून चांगले निवडक बटाटे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात भरून ठेवले. त्यांचे वेफर तळले तर कच्चे असतानाच तांबडे, शिजेपर्यंत काळे, आणि चवीला कडू-गोड असं काहीतरी विचित्र.

त्या खळीचा डबा घेऊन मी तुमच्याकडे आलो, कारण दीड-दोन किलो बटाटा फेकवत नव्हता. वाटलं होतं, तुम्ही विचाराल की काय केलंत, किती शिट्ट्या दिल्यात. तुम्ही विचारलंत, "बटाटा कुठला?"

"सासरवाडीचा."

"ते नव्हे हो दादा. नवा का जुना? आतून पांढरा का पिवळा?"

हे आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. बटाटा म्हणजे बटाटा. दुपारी केंद्र बंद करून तुम्ही तीन जिने चढून वर आलात, गॅलरीतल्या ढिगापुढे बसलात आणि विळी मागितलीत. एकेक बटाटा मधोमध कापायचा, दोन्ही फाका एकमेकींवर घासायच्या आणि बघायचं. काहींतून नुसतं पाणी पाझरलं. काहींच्या फाकांवर पांढरट फेस आला आणि त्या एकमेकींना चिकटून बसल्या. कापलेला रंगही वेगळा. पाणी सुटणारे पिवळसर, चिकटणारे पांढरट. "हे दोन माल आहेत. एकत्र कुणी केले?" म्हणालात. गोणीची बुडं ओली लागली म्हणून आम्हीच दोन्ही गोण्या एका ढिगात ओतल्या होत्या.

मेहुण्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. एक गोणी कुफरी पुखराजची, दुसरी कुफरी चिपसोनाची, वेफरसाठी लावलेल्या रानातली, आकार लहान म्हणून बाजूला काढलेली. दोन्ही वाण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे. पुखराज लवकर तयार होतो, उतारा भरघोस देतो, पण अंगात पाणी जास्त. चिपसोना मुळात चिप्ससाठीच काढलेला, त्यात पीठ जास्त आणि साखर कमी. शनिवारी हाताला चिपसोना लागले होते, रविवारी पुखराज. मेहुण्याला हे फोनवरच कळलं, पण तुम्हाला वाणाचं नाव माहीत नसताना विळीवर कळलं, याचं मला अजून नवल वाटतं. नंतर मी एक पडताळाही करून पाहिला. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटे सोडायचे. पिठूळ बटाटा जड, तो तळाला जातो. पाणचट तरंगतो. तुमच्या दोन ढिगांतले मोजकेच इकडचे तिकडे निघाले.

त्या दुपारी तुम्ही आमच्या ओट्याला हात लावला नाहीत, हे मला फार आवडलं. "सरका, मी करते" म्हणाला असतात तर आम्ही आनंदाने सरकलो असतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेलात सारण. तुम्ही स्टुलावर बसून चहा पीत नुसतं सांगत होतात.

खळीपासून सुरुवात केलीत. उकडलेल्या बटाट्यातली पिठाची कणं आपापल्या पिशव्यांत शांत बसलेली असतात. हाताने किंवा पुरणयंत्रातून काढलं तर त्या पिशव्या बहुतेक शाबूत राहतात. मिक्सरचं पातं त्या फाडतं आणि आतला फुगलेला स्टार्च बाहेर येऊन सगळ्याची लेप होते. हे शास्त्र लेकीने नंतर शोधलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "बटाट्याला यंत्र सोसत नाही." आणि ती खळ वाया जाऊ दिली नाहीत. परातीत ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, कांदा, कोथिंबीर, ओवा, तिखट, मीठ घ्यायला लावलंत आणि पाण्याचा थेंबही न घालता ती खळ त्यात मळायला लावलीत. ज्वारीचं थालीपीठ माझ्या हातून एरवी उचलताना हमखास मोडतं. ही थालीपिठं ओल्या फडक्यावरून तव्यावर अखंड गेली, कारण चिकटपणा हा पराठ्याचा शत्रू असला तरी इथे तोच कामाला आला.

वड्याचं प्रकरण लांबलं. पुखराजचे वडे होतच नाहीत असं नाही, पण ते कापून उकडायचे नाहीत, सालासकट अख्खे उकडायचे. कुकरचं प्रेशर उतरलं की लगेच बाहेर काढून परातीत फोडून पसरायचे, म्हणजे अंगातली वाफ निघून जाते. आम्ही ते कुकरमध्येच निवत ठेवत होतो, म्हणजे सुटलेली वाफ पुन्हा त्यांच्यातच मुरत होती. फोडणी घातल्यावर सारण पूर्ण थंड होऊ द्यायचं, गोळे वळून पंख्याखाली थोडे सुकवायचे. बेसनाचं पीठ बोटावरून घरंगळून जाईल इतकं सैल नको. जिथे पिठाचा थर पातळ, तिथूनच वाफ वाट काढते आणि वडा फुटतो. हे तुम्ही सांगत असताना अण्णा वहीत उतरवून घेत होते. अण्णांनी आयुष्यात चहा सोडून काही केलेलं नाही.

रश्शाचं एका वाक्यात उरकलंत. आंबट शेवटी. आंबटाने फोडीची बांधणी घट्टच राहते, मग तास उकळा नाहीतर दोन. बटाटा बोटाने दबला की मग आमसूल. फ्रीजचं मात्र अण्णांना पटायला वेळ लागला. थंडीत बटाटा आपल्या पिठाची साखर करतो आणि ती साखर तेलात करपते. पावसाळ्यात शीतगृहातून येणारा बटाटा गोडसर लागतो तो याचमुळे. फ्रीजमधले बाहेर काढून अंधाऱ्या कोपऱ्यात पंधरवडाभर ठेवायला सांगितलंत. नंतरचे वेफर अगदी पांढरे नाही, पण सोनेरी निघाले. गॅलरीत उजेडाने हिरवे पडलेले मात्र तुम्ही एक शब्द न बोलता कचऱ्याच्या डब्यात टाकलेत. बायको "साल जाड काढू का?" म्हणाली, तर "कडू विष आहे ते, उकडून जात नाही," म्हणालात. बरोबरच आहे, सोलॅनिन उकळत्या पाण्याला दाद देत नाही.

आणि मग गच्ची. सकाळी सहाला तुम्ही पाटी, दोन किसण्या आणि तुमचा पितळी सोऱ्या घेऊन हजर. चिपसोनाचा ढीग वाळवणाला, पुखराजचा रोजच्या भाजीला, ही वाटणी तुमचीच. कीस थेट पाण्याच्या पातेल्यात पडला पाहिजे, वाऱ्यावर राहिला की काळा पडतो. पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा. तळाला बसलेलं पांढरं सत्त्व ओतून द्यायचं नाही, ते चकलीच्या पिठात गेलं. उकळत्या पाण्यात सैंधव आणि तुरटीचा खडा दोनदा फिरवून कीस घालायचा, आणि पारदर्शक दिसू लागला रे लागला की उपसायचा. "शिजवायचा नाही, घाबरवायचा," हे तुमचं वाक्य आता आमच्या घरात सगळ्यालाच लागू होतं, अगदी लेकीच्या अभ्यासालाही. साडीवर निथळायचा, मग प्लास्टिकच्या कागदावर विरळ पसरायचा. संध्याकाळी गोळा करताना लेक हिरमुसली, एवढ्या पाच किलोंचं एवढंसंच? बटाट्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणीच असतं, पाचाचा किलोभर उरला तर तक्रार करू नये. तळल्यावर तो पसाभर कीस कढईभर फुलला तेव्हा तिची समजूत पटली.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. आमटी खारट झाली की बटाटा टाकायचा, तो मीठ ओढून घेतो, असं तुम्ही म्हणता. नाही ओढत, मावशी. तो आमटीतलं खारट पाणीच तेवढं पितो, उरलेली आमटी होती तितकीच खारट राहते. मी मुद्दाम करून पाहिलं आणि बटाटाही खारट, आमटीही खारट असं जेवलो. वर तुम्ही जे तांब्याभर पाणी ओतता ना, काम ते करतं.

राहिलेले पुखराज बारदानावर अंधारात पसरून ठेवलेत, कांद्यापासून लांब. आठवड्याला एकदा निवडतो, एखादा मऊ पडला की लगेच काढतो. गुढीपाडव्याला श्रीखंडाबरोबर त्यांचीच भाजी होती. पुढच्या वर्षी गोण्या वेगवेगळ्या रंगाच्या सुतळीने शिवून पाठव, असं मेहुण्याला सांगून ठेवलंय. त्यातली एक चिपसोनाची तुमच्या केंद्रावर उतरेल. पैशांचं काढाल तर ती तिथेच टाकून मी पळून जाईन.

तुमचा सोऱ्या घासून ठेवलाय. चांदणीची चकती मिळत नव्हती, ती सत्त्वाच्या पातेल्यात तळाशी वाळून बसलेली सापडली. डबाभर चकल्या आणि कीस घालून रविवारी केंद्र बंद व्हायच्या वेळेला घेऊन येतो, तेव्हा घरी असा.

बाकी सर्व ठीक. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा बटाटेवाला