विषय : '५५० सीसी' म्हणून विकलेले पेट्रोलचे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे), आणि ते कितव्या बारला, म्हणजे किती इंधनदाबाला, हे आजतागायत न सांगितल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक (विक्री व तांत्रिक सेवा)

तुमच्या 'टेक्निकल एक्सपर्ट' साहेबांनी आज दुपारी फोन ठेवला आणि मी हे लिहायला बसलो. बिल, टेस्टिंगचे फोटो आणि डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) लॉग सोबत जोडला आहे. गाडीची माहिती ऑर्डरमध्ये आहेच, पण दर फोनला ती नव्याने विचारली जाते म्हणून पुन्हा देतो : स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, १.८ टर्बो पेट्रोल, १७८१ सीसी, पोर्ट इंजेक्शन, कंपनीतून आली तेव्हा १५० बीएचपी. टर्बो मोठा बसवलाय. क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर, २८० बीएचपी काढायचे आहेत. डिझेल नाही. पुन्हा सांगतो, डिझेल नाही.

इंजेक्टर किती मोठे लागतील याचा हिशेब मी ऑर्डर देण्याआधीच तुम्हाला मेल केला होता. टर्बो पेट्रोलला एका एचपीमागे तासाला ०.६ पौंड इंधन धरलं तर २८० ला १६८ पौंड. चार इंजेक्टर, ड्यूटी (सायकलच्या किती टक्के वेळ इंजेक्टर उघडा) ८० टक्क्यांच्या वर न्यायची नाही, म्हणजे एकेकाला साडेबावन्न पौंड, म्हणजेच मिनिटाला ५५० सीसी. हे झालं निव्वळ पेट्रोलचं. आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याला सात-आठ टक्के जास्त सोडावं लागतं, म्हणजे ५९० च्या घरात. (मी कोल्हापूरचा. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉल कोणाकडून शिकायची वेळ अजून आलेली नाही.) म्हणून मी ६३० मागत होतो. तुमच्याकडून लेखी उत्तर आलं की ५५० भरपूर होतात, ६३० घेतले तर आयडलिंग बिघडेल. ड्यूटी ८५-८६ पर्यंत जाईल, पण बसेल, असं म्हणून तुमच्या शब्दावर ५५० घेतले.

पुण्यात डायनोवर गाडी चढवली. ६५०० आरपीएमला इंजिनाची एक सायकल साडेअठरा मिलिसेकंदांच्या आत संपते. लॉगमध्ये तुमचे इंजेक्टर त्यातले साडेसतरा मिलिसेकंद उघडे. ९५ टक्के ड्यूटी! एएफआर (एक भाग पेट्रोलला हवेचे किती भाग) ११.८ ला धरून ठेवलेला, तो १२.९ कडे सरकायला लागला, म्हणजे गाडी लीन होऊन पेट्रोल कमी पडायला लागलं, तसा ट्यूनरने पाय काढला. त्याने पाय काढला म्हणून आज मी इंजेक्टरची तक्रार करतोय, नाहीतर पिस्टनची करावी लागली असती.

परत आल्यावर चारही इंजेक्टर काढून उद्यमनगरात टेस्टिंग मशीनवर लावले. माझ्या गाडीचा रेग्युलेटर (इंधनाचा दाब ठरवणारा) ३ बारचा, म्हणून मशीनला ३ बार दिला आणि तीस सेकंद पूर्ण उघडे ठेवले. चार काचेच्या नळ्या. तीन नळ्यांत फ्लुइड २४१, २३८, २३६ मिलिलिटरला थांबलं. चौथी २१९ ला. म्हणजे पहिल्या तिघांची मिनिटाला सरासरी ४७७, आणि चौथा ४३८. टेस्टिंग फ्लुइड म्हणजे पेट्रोल नव्हे, हे मान्य. दोन-चार टक्के इकडेतिकडे धरा. ७३ सीसी कुठे गेले?

मग मशीनवर दाब वाढवत नेला. ४ बारला पहिल्या तिन्ही नळ्या २७५ च्या आसपास. म्हणजे ५५०! फ्लो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, आकडा चोख जुळला. तुम्ही ४ बारचा आकडा डब्यावर छापलात आणि '४ बार' एवढंच छापायचं विसरलात. पोचा आलेल्या मापाने तेल विकणारा दुकानदार निदान माप गिऱ्हाइकासमोर तरी धरतो.

आता आजचं संभाषण. हे व्यवस्थापनाने सावकाश वाचावं.

मी विचारलं, डब्यावर ५५० लिहिलंय ते कितव्या बारला?

"सर, बार म्हणजे?"

फ्युएल प्रेशर.

"सर, प्रेशर तुमच्या पंपाचं असतं. आमच्या इंजेक्टरला प्रेशर नसतं."

मग बराच वेळ संगीत. मग सीनियर साहेब आले. आवाजात प्रचंड संयम, लहान मुलाला पाढे शिकवताना असतो तसला.

"सर, तुमचं इंजिन किती सीसी?"

१७८१.

"इंजेक्टर किती सीसी?"

५५०, असं तुमचं म्हणणं आहे.

"किती आहेत?"

चार.

"पाचशेपन्नास चोक किती झाले सर?"

मी काही बोललो नाही. खरंच सुचलं नाही.

"बावीसशे झाले सर. आणि इंजिन सतराशे एक्क्याऐंशी. म्हणजे आपण तुम्हाला ऑलरेडी चारशेच्या वर सीसी जास्त दिलेत. गाडी लीन होईलच कशी?"

इंजेक्टरचा आकडा दर मिनिटाला सुटणाऱ्या पेट्रोलचा असतो आणि इंजिनाचा आकडा चार सिलिंडरांत मिळून पिस्टन किती जागा झाडतात त्याचा, हे व्यवस्थापनाला ठाऊक आहे असं मी धरून चालतो. नसेल तर कळवा, तेही जोडून पाठवतो. साहेब मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "सर, गाडी एखाद्या चांगल्या मेकॅनिकला दाखवा." फोन स्पीकरवर होता. ज्याने हे इंजिन खोलून परत बांधलं तो माणूस माझ्या शेजारीच बसला होता. त्याने गॉगल डोळ्यांवर ओढला आणि काही न बोलता ग्राइंडरकडे निघून गेला. त्याची माफी तुमच्या कंपनीने मागायला हवी, पण ती मी मागितली.

याआधी तुमच्याच दुसऱ्या एका प्रतिनिधीने '४ बारचा रेग्युलेटर टाका, प्रॉब्लेम सॉल्व्ह' असा उपाय सुचवला होता. म्हणजे ४ बारचं गुपित तुमच्याकडे कोणाला तरी ठाऊक आहे! पण रेग्युलेटर बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला) जोडलेला असतो. ४ वर १.३ बूस्ट चढला की पंपाला ५.३ बारवर ढकलायचंय, आणि दाब वाढला की पंपाचा फ्लो पडतो. मग पंप बदला, पंपाची वायरिंग बदला. डब्यावर एक आकडा छापायचा राहिला म्हणून हा खर्च मी का करायचा?

चौथ्या इंजेक्टरबद्दल तर कोणी बोलायलाच तयार नाही. 'मॅच्ड सेट' (चारही इंजेक्टर सारखं सोडणारे) म्हणून जादा पैसे घेतलेत. एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर चारही सिलिंडरांच्या एएफआरची सरासरी दाखवतो. आकडा ठीक दिसतो आणि आठ टक्के कमी मिळणारं एकच सिलिंडर आतल्या आत भाजत राहतं. तीन चांगले असून काय उपयोग?

आणि डेड टाइमचा तक्ता. कितव्या व्होल्टला इंजेक्टर उघडायला किती उशीर लागतो, एवढंच विचारलं होतं. त्याशिवाय आयडल बसवायचं म्हणजे अंधारात दगड मारणं. तुम्ही काय पाठवलंत? रेसिंग कारचा फोटो असलेलं माहितीपत्रक. फोटो छान आहे.

वाईट याचं वाटतं की चांगला माल ठेवणारी दुकानं या धंद्यात मोजकी, आणि मी आजवर चारचौघांना तुमचंच नाव सांगत आलो. ते बंद झालं आहे. ज्यांना सांगितलं होतं, त्यांनाही फोन करून झाले.

मला चर्चा नको, 'तुमचा फीडबॅक महत्त्वाचा आहे' हा मेसेज तर अजिबात नको. पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करा. 'वापरलेला माल परत घेत नाही' हे सांगू नका. न वापरता डब्यावरचा आकडा खोटा आहे हे कळणार कसं? पैसे आले नाहीत तर आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार जाईल आणि मग ई-जागृती पोर्टलवरून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथे दावा लावता येतो, आणि एवढ्या रकमेला फी पडत नाही. तुमच्या सीनियर साहेबांना मात्र तारखेला जरूर पाठवा. पाचशेपन्नास चोक बावीसशे हे त्यांनी आयोगापुढे सांगावं, मला ऐकायचंच आहे.

आणि हो, डब्यावर ५५० छापलंय ते कितव्या बारला, हे अजूनही सांगितलेलं नाही.

इंजेक्टर पुसून मूळ डब्यात भरून ठेवले आहेत, चौथ्यावर लाल मार्करने खूण केली आहे. कुरिअरवाला तुम्ही पाठवायचा.

आपला,
(नाव बिलावर आहे)