डॉक्टर मॅडम, माझी किडनी तुमच्यामुळे वाचली

डॉक्टर मॅडम, सादर नमस्कार.

रोज एवढे पेशंट येतात, मी तुम्हाला आठवणारही नाही. पण माझी उजवी किडनी आज जागेवर आहे ती तुमच्यामुळे, आणि हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी जिथे दाखवलं, तिथे मान वर न करताच सांगितलं गेलं, ‘गाठ आहे, किडनी काढून टाकू. एका किडनीवर माणूस जगतो.’ जगतो, मान्य. पण गाठ कसली आहे हे तरी बघाल! विचारलं तर ‘तुम्हाला त्यातलं काय कळणार?’ आठवलं की अजून संताप होतो.

तुम्ही सीटी स्कॅन स्वतः पाहिलात. गाठीत चरबी स्पष्ट दिसतेय, ही अँजिओमायोलिपोमा, रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबीची साधी गाठ, कॅन्सर नव्हे, म्हणालात. मग रिपोर्टच्या पाकिटावर पेनाने किडनी काढलीत. कडेला गाठ रेघा मारून दाखवलीत आणि उरलेल्या कोऱ्या भागावर बोट ठेवलंत. ‘एवढी सगळी चांगली आहे. ती कशाला टाकायची?’

तोवर मला फक्त गाठच दिसत होती. बाकीची किडनी इमानेइतबारे काम करतेय, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे, हे कुणी म्हटलंच नव्हतं. मला बीपी आहे. अशा माणसाची अख्खी किडनी गेली तर पुढे किडनीचा आजार जडायचा धोका वाढतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

खोटा धीर मात्र दिला नाहीत. गाठ ४ सेंटिमीटरच्या पुढे गेली तर फुटून रक्तस्राव होण्याची भीती जास्त, माझी त्याहून लहान, म्हणून फक्त लक्ष ठेवायचं. कुशीत अचानक कळ आली किंवा लघवीतून रक्त गेलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि ऑन्कोसायटोमासारख्या काही साध्या गाठी स्कॅनवर हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसतात, असं सांगून आधीच्या डॉक्टरांबद्दल तुम्ही एक वावगा शब्द काढला नाहीत. मला ते जमलं नसतं.

हुशार डॉक्टर पुष्कळ असतील. घाबरलेल्या माणसाला समजेल असं सांगणं हेही आपलंच काम, असं मानणारे फार हवे आहेत.

माझ्या वहिनीच्या सोनोग्राफीतही किडनीवर गाठ दिसलीय. तिला तुमच्याकडेच घेऊन येतेय.

तुमची ऋणी,
एक पेशंट