हात वाळवायच्या मशीनसमोर उभ्या राहिलेल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. बाळाला खांद्यावर घेऊन मी वळेपर्यंत तुम्ही बादली उचलून पुढच्या कामाला गेलाही होता. म्हणून हे पत्र असं उघडच लिहितेय, तुमच्यापर्यंत पोचलं तर माझ्यासारखी खूश मीच.

थीम पार्कच्या लेडीज टॉयलेटमध्ये डायपर बदलायची ती भिंतीवरची फळी आहे ना, तिच्या अगदी शेजारी हात वाळवायचं मशीन बसवलंय. तुम्ही त्या मशीनसमोर पाठ लावून उभ्या राहिलात आणि माझं बाळ शांत होईपर्यंत कुणालाही ते चालू करू दिलं नाहीत. बस, एवढंच केलंत तुम्ही. पण सुट्टीवरून परत आल्यावर लोक विचारतात ना की कसं झालं, काय काय बघितलं, तेव्हा माझ्या तोंडून सगळ्यात आधी तुमचीच गोष्ट बाहेर येते आणि सांगताना अजूनही घसा दाटून येतो.

त्याआधी आमचा दिवस कसा चालला होता हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. गेटवर बाळाच्या दुधाच्या बाटल्या एकेक करून उघडायला लावल्या, तेही ठीक आहे, सिक्युरिटी आहे, समजू शकते मी, पण उघडायला लावणाऱ्याचा चेहरा असा की आम्ही काहीतरी चोरूनच नेतोय. मग फिडिंग रूम. नकाशावर तिचं चित्र आहे, पाटीवर बाण आहे, आणि बाणाच्या शेवटी कुलूप. चावी कुणाकडे विचारलं तर एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, एवढ्या लहान मुलाला घेऊन इथे येतातच कशाला लोक.

कशाला येतात ते सांगते. मोठा मुलगा सात वर्षांचा आहे म्हणून येतात. धाकटी एक वर्षाची झाली म्हणून मोठ्याचं बालपण काही थांबत नाही, त्यालाही सुट्टी असते, त्यालाही आई-बाबा दोघं पाहिजे असतात. आणि असं कुटुंब येणार हे पार्कवाल्यांना माहीत नसतं असं थोडंच आहे? डिस्नेच्या पार्कमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नसतं, म्हणजे ती येणारच हे धरूनच सगळं आखलेलं असतं. तिथे आणि युनिव्हर्सलच्या पार्कांमध्ये अशी सोयही आहे की एक पालक बाळाला घेऊन बाहेर थांबतो, दुसरा मोठ्या मुलाबरोबर राइड करून येतो, आणि मग पहिल्याला सगळी रांग परत न लावता आत सोडतात. आम्ही हेच विचारलं तर उत्तर मिळालं की रांग सगळ्यांना सारखी. बरं. बाबा मोठ्याला घेऊन रांगेत गेले आणि मी धाकटीला घेऊन सावली शोधत फिरले.

एक वर्षाचं बाळ साधारण पाऊण मीटर उंच असतं. मोठ्या राइडच्या दारात उंची मोजायची जी पट्टी असते ती बहुतेक ठिकाणी मीटरच्या आसपास किंवा त्याच्याही वर, त्यामुळे त्या पार्कमधल्या अर्ध्याहून जास्त गोष्टी तिच्यासाठी नसतातच. तिच्यासाठी पार्क म्हणजे काय, तर ऊन, गर्दी, मोठमोठ्या मुंडक्यांची कार्टून माणसं, ज्यांना बघून मोठी मुलं पळत जातात आणि ही माझ्या मानेला घट्ट धरते, कारण या वयात अनोळखी चेहऱ्याचीच भीती वाटते तर असा प्रचंड चेहरा कसा चालेल. आणि झोप. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात अकरा ते चौदा तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात दुपारची झोपही आली, आणि ती झोप मोडली की पुढे काय होतं ते प्रत्येक आईला माहीत आहे. कुणीतरी येताजाता सल्ला दिला की बाबागाडीवर जाड ओढणी टाका, झोपेल. भर उन्हात तसं झाकलं तर आत हवा खेळत नाही आणि गाडी आतून तापते, म्हणून नाही टाकली. म्हणजे मोठ्यांना दिवस आठवतो राइडवरून, पण एक वर्षाचं बाळ बरोबर असेल तर तो दिवस ठरतो सावलीचा बाक, पाणी आणि डायपर बदलायची जागा यावरून. हे पार्क आखणाऱ्यांनी एकदा स्वतः बाळ कडेवर घेऊन फिरून बघावं.

तर अशा अवस्थेत मी त्या टॉयलेटमध्ये आले. डायपर बदलणं भागच होतं. तिला फळीवर ठेवलं आणि तेवढ्यात कुणीतरी मशीनखाली हात धरला. तो आवाज तुम्ही रोज ऐकता, तुम्हाला सांगायला नको. ती अशी दचकली की अंग ताठ झालं, एक क्षण आवाजच फुटेना आणि मग जे रडायला लागली ते थांबेना. रडणं जरा कमी होतंय न होतंय तोच पुढची बाई हात वाळवायला, परत तेच. मी एका हाताने तिचं पोट धरलंय, दुसऱ्या हाताने वाइप्स काढतेय, तिचे कान झाकायला तिसरा हात आणू कुठून. बायका बघत होत्या. एक म्हणाली भूक लागली असेल. एक म्हणाली बाई गं किती रडते.

लोकांना वाटतं बाळं उगाच रडतात. कॅनडात नोरा कीगन नावाच्या मुलीने शाळेत असतानाच सार्वजनिक टॉयलेटमधल्या अशा मशीनांचा आवाज मोजला होता, आणि तिचा अभ्यास २०१९ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या जर्नलमध्ये छापूनही आला, तेव्हा ती १३ वर्षांची होती. काही मशीनांचा आवाज शंभर डेसिबलच्याही वर गेला होता. आणि तिने तो मुलांच्या कानांच्या उंचीवरही मोजला, जे मशीन बनवणाऱ्या मोठ्या माणसांना सुचायला हवं होतं. मुलं म्हणतात कान दुखतात, ते खरंच दुखतात म्हणून म्हणतात. माझ्या लेकीला तर अजून बोलताही येत नाही.

तुम्हाला हा अभ्यास कुणी सांगितला नव्हता ताई. तुम्ही कोपऱ्यात लादी पुसत होता. तुम्ही एकदा बाळाकडे बघितलं, एकदा मशीनकडे बघितलं, मॉप भिंतीला टेकवला आणि येऊन मशीनसमोर उभ्या राहिलात. मला काही विचारलं नाहीत, सल्ला दिला नाहीत, "अरे अरे काय झालं बाळाला" असंही म्हणाला नाहीत. तुमच्या ट्रॉलीतला टिश्यूचा गठ्ठा हातात घेतला आणि हात धुऊन येणाऱ्या प्रत्येकीला दोन-दोन टिश्यू देत राहिलात. एकीने कुरबूर केली की मशीन असताना हे काय, तर तुम्ही फक्त म्हणालात, "बाळ घाबरतंय." तीही मग गप्प टिश्यू घेऊन गेली.

कंबरेचा वॉकीटॉकी वाजत होता. कुणीतरी तुम्हाला दुसरीकडे बोलावत होतं, आवाज चढत चालला होता, तुम्ही बटण दाबून "येते" म्हणालात आणि हलला नाहीत. मी म्हटलं तुम्ही जा, होईल माझं. तुम्ही मान हलवून नाही म्हणालात. तोवर तिचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं, मग ती तुमच्या हातातल्या टिश्यूकडे बघायला लागली, तुम्ही एक टिश्यू तिच्या मुठीत दिलात आणि तिने तो फाडायला सुरुवात केली. डायपर झाला, कपडे झाले, तिथेच त्या बाकड्यावर बसून मी तिला पाजलं आणि माझ्या मांडीवरच तिचे डोळे मिटले. तुम्ही तेवढा वेळ दारात पहाऱ्यावर असल्यासारख्या तिथेच. मी झोपलेल्या बाळाला हळूच खांद्यावर घेतलं, पिशवी उचलली, आणि वळून बघते तर तुम्ही नाही.

पुढचा सगळा दिवस त्या झोपेवर निघाला. ती उठली तेव्हा हसत उठली. बाबा आणि मोठा राइडवरून आले, मग आम्ही चौघं सगळ्यात हळू चालणाऱ्या राइडमध्ये बसलो, दिवे बघून तिने टाळ्या वाजवल्या. मोठ्याला वाटतं तो दिवस त्याच्या रोलरकोस्टरमुळे भारी झाला, वाटू दे.

मला राहून राहून हेच वाटतं की ज्यांच्या कामातच मदत करणं होतं, ज्यांच्या शर्टावर मागे "मी आपली काय मदत करू" असं छापलेलं होतं, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. आणि तुमच्या कामात हे कुठेच नव्हतं. तुमचं काम लादी पुसणं, तेही तुमचं तसंच राहून गेलं माझ्यामुळे. माणूस चांगला असायला पद लागत नाही, ट्रेनिंग लागत नाही, समोरच्याला नेमका कशाचा त्रास होतोय हे एकदा नीट बघावं लागतं फक्त. आणि अशी बघणारी माणसं असतात हो सगळीकडे. त्याच संध्याकाळी पायऱ्यांवर कॉलेजच्या वयाच्या एका मुलाने काही न बोलता बाबागाडीची पुढची चाकं उचलली, खाली आणून ठेवली आणि मित्रांच्या मागे पळत गेला. त्यालाही थँक्यू म्हणायला वेळ मिळाला नाही. घाईत असतात ही चांगली माणसं.

पार्कला मी वेगळं लिहिलंय. फिडिंग रूमच्या कुलपाबद्दल लिहिलंय, आणि ते मशीन डायपरच्या फळीपासून लांब हलवा, निदान तिथे टिश्यूचा डबा लावा असंही लिहिलंय. तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय, कुठलं टॉयलेट, किती वाजता, निळा मॉप, सगळं, म्हणजे त्यांना तुम्ही सापडाल.

आणि एक. वॉकीटॉकीवर तुम्हाला बोलावणाऱ्या साहेबांनी उशिराबद्दल तुम्हाला काही ऐकवलं असेल तर त्यांना हे पत्र दाखवा. उशीर माझ्या लेकीमुळे झाला, आणि तुम्ही तेव्हा कामावरच होता.

तुमची आभारी,
फळीवरच्या त्या बाळाची आई