आई-बाबा, मला आधी सांगत जा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ती घरी आली, आणि मग मला कळलं. "तुला उगाच काळजी नको" हे बाबांचं उत्तर मला आता पाठ झालंय. मागे त्यांचं बीपी वाढलं होतं तेव्हाही हेच ऐकलं. मी रागावून लिहीत नाहीये. पण फोनवर हा विषय काढला की आई लगेच तिसरंच काहीतरी विचारते, म्हणून पत्र.

तुम्हाला वाटतं, न सांगून तुम्ही मला जपता. मला मात्र त्याने परकं झाल्यासारखं वाटतं. हॅरी रीस आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये जवळीक कशी घडते ते मांडलं होतं. एकाने मनातलं काही उघड करायचं, दुसऱ्याने ते समजून घेऊन मनापासून दाद द्यायची, आणि पहिल्याला 'हिला माझं कळलं' असं वाटायचं. हे पुन्हापुन्हा घडत गेलं की माणसं जवळ येतात. आपल्याकडे हे एकाच बाजूने चालतं. ऑफिसातली कटकट, रात्रीची न लागणारी झोप, सगळं मी तुम्हाला सांगते आणि तुम्ही ऐकता. तुमच्याकडून मात्र फक्त "आमचं ठीक आहे". तुम्ही काही सांगितलंच नाहीत, तर समजून घ्यायची वेळ माझ्यावर येणार कधी?

एकमेकांशी तुम्ही असे वागत नाही. आई खिडकीतून हाक मारते, "अहो, हे बघा ना." बाबा पेपर खाली ठेवतात, उठून जातात, बघतात, "हं" म्हणतात आणि परत येऊन वाचायला लागतात. बाहेर बहुतेक वेळा बघण्यासारखं काहीच नसतं! जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांच्या अशाच बारीकसारीक हाकांचा अभ्यास केला. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती, त्यांनी सुरुवातीच्या त्या निरीक्षणात जोडीदाराच्या 86 टक्के हाकांना प्रतिसाद दिला होता, आणि जी वेगळी झाली त्यांनी 33 टक्के. मला वाटतं, तुमचा इतक्या वर्षांचा संसार त्या "हं"वर उभा आहे. मला त्यातली एखादी हाक हवी आहे, एवढंच.

आणखी एक. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2006 चा प्रयोग आहे. 16 विवाहित स्त्रियांना विजेचा हलका झटका बसू शकतो असं सांगून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. नवऱ्याचा हात हातात असला की धोक्याला मेंदू देत असलेला प्रतिसाद सौम्य व्हायचा. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडायचा, पण तितका नाही. आणि ज्यांचं नातं जास्त चांगलं, त्यांना नवऱ्याच्या हाताचा आधार जास्त.

आईला आत नेईपर्यंत बाबांनी तिचा हात सोडला नव्हता, हे तिनेच मला सांगितलं. पण त्यानंतर? दार बंद झाल्यावर बाबा बाहेर एकटेच बसले होते. बाबा, त्या वेळी तुमच्या सोबतीला कोण होतं, हा प्रश्न मला राहून राहून छळतो. फोनवरून हात धरता येत नाही, मान्य. पण मी तुमच्याशी बोलत तर राहिले असते. काळजी मला नंतरही वाटलीच, फक्त तेव्हा ती कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

आता दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तारीख ठरेल त्याच दिवशी कळवा. रजा मिळाली तर मी येतेच. नाही मिळाली, तर आईला आत नेलं की बाबांनी मला फोन लावायचा आणि ती बाहेर येईपर्यंत ठेवायचा नाही. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल.

आणि आई, भीती वाटत असेल तर आदल्या रात्री फोन कर. कितीही वाजले असले तरी कर.

तुमची,
धाकटी