‘तीस सेकंदांत फुल चार्ज’चा हिशेब कुणी मागणार का?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘आता मोबाइल काही सेकंदांत फुल चार्ज’ अशा अर्थाची बातमी आपल्या तंत्रज्ञान पानावर पुन्हा वाचली. गेली दहा-बारा वर्षे ही बातमी अधूनमधून येतेच; फक्त सेकंद आणि देश बदलतात.

मे २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ईशा खरे या १८ वर्षांच्या मुलीला सुपरकपॅसिटरच्या (झटपट भरणाऱ्या वीजसाठवण साधनाच्या) प्रयोगासाठी इंटेलच्या विज्ञान स्पर्धेत ५० हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले. तिने त्यावर एक छोटा एलईडी दिवा लावून दाखवला होता. मथळे आले ते ‘२० सेकंदांत मोबाइल चार्ज’ असे. एप्रिल २०१४ मध्ये स्टोअरडॉट या इस्रायली कंपनीने तेल अवीवमध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस४ अर्ध्या मिनिटात भरून दाखवला. ती बॅटरी फोनच्या पाठीवर ठोकळ्यासारखी बसवलेली होती. २०१६ च्या अखेरीस उत्पादन सुरू करू, असे कंपनी सांगत होती. ती पुढे इलेक्ट्रिक मोटारींच्या बॅटऱ्यांकडे वळली आणि ३० सेकंदांचा फोन काही कुणाच्या खिशात आला नाही. मे २०२४ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातले अंकुर गुप्ता यांच्या गटाचा शोधनिबंध आला. सूक्ष्म छिद्रांच्या जाळ्यातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, कसे सरकतात, हा त्याचा विषय. विद्यापीठाच्या पत्रकात ‘एका मिनिटात लॅपटॉप’ ही कल्पना म्हणून मांडली होती आणि हे अजून शक्य नाही, असे लगेच पुढे स्पष्टही केले होते. आपल्याकडच्या मथळ्यांपर्यंत पोहोचताना हा खुलासा वाटेतच गळाला. संशोधक भारतीय वंशाचा असला की आपण जरा जास्तच उदार होतो.

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या मुलांना शिकवतो. अशी बातमी आली की त्यांना फळ्यावर हिशेब करायला लावतो. आजच्या फोनची बॅटरी ५००० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची), व्होल्टेज सरासरी ३.८५, म्हणजे साठवण साधारण १९ वॉट-तास. एवढी वीज ३० सेकंदांत भरायची तर सुमारे २३०० वॉट लागतात. हा घरच्या दोन हजार वॉटच्या गीझरपेक्षा मोठा भार झाला. भिंतीवरचा साधा ६ अँपिअरचा सॉकेट १४०० वॉटच्या अलीकडेच थांबतो, म्हणजे फोनसाठी १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट काढावा लागेल. यूएसबी-सी केबलची कमाल मर्यादा २४० वॉट आहे, तेव्हा ती केबलही बाद. त्या २३०० वॉटमधले पाच टक्के जरी उष्णतेत गेले, तरी ११५ वॉट फोनच्या पोटात. आमच्या वर्कशॉपमधली कथील वितळवणारी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते.

गणित जमवले तरी रसायनशास्त्र आडवे येते. चार्ज होताना लिथियमचे आयन बॅटरीतल्या ऋण टोकाच्या ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात. त्यांना शिरायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त वेगाने ढकलले, तर ते आत न जाता पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतात. तेवढी क्षमता बरीचशी कायमची गेली. साचलेल्या धातूच्या सुया वाढत गेल्या तर आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका वेगळाच.

वेग वाढलाच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. दोन-अडीच तास लागायचे तिथे आता काही चांगले फोन अर्ध्या तासात भरतात. बॅटरीचे दोन भाग करून, चार्जर आणि फोनमधल्या चिपचा मेळ घालून हे साधले आहे, आणि ते कौतुकाचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये रिअलमीने ३२० वॉटने ४४२० एमएएचची बॅटरी साडेचार मिनिटांत भरून दाखवली. पण ते प्रदर्शन होते, दुकानातला माल नव्हे. तिकडे सॅमसंगने आपल्या महागड्या एस२४ अल्ट्राला ४५ वॉटच दिले. एवढ्या मोठ्या कंपनीला जास्त वॉटचा चार्जर बनवता येत नसेल, असे मला वाटत नाही.

आकडा छापताना तो कोणत्या हवेतला, हेही विचारावे. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणून फोन तापला की वेग आपोआप उतरतो. मे महिन्यात चंद्रपुरात बाहेरची हवाच तिथवर पोहोचते. जाहिरातीतली मिनिटे वातानुकूलित प्रयोगशाळेत मोजलेली असतात.

म्हणून विनंती एवढीच, की अशा बातमीत बॅटरी किती एमएएचची, किती वॉट किती वेळ टिकले, किती चार्जनंतर क्षमता किती उरली आणि वस्तू विक्रीला आहे की नाही, हे छापावे. युरोपीय महासंघात जून २०२५ पासून नव्या फोनची बॅटरी ८०० चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखणारी असणे बंधनकारक आहे आणि बॅटरी चार्जची किती आवर्तने टिकेल हे लेबलवर द्यावे लागते. आपल्याकडे ग्राहकाला निदान बातमीतून तरी हे कळावे.

जाता जाता आणखी एक. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत खुलासा हवा, असे त्यात म्हटले आहे. फोनच्या मराठी जाहिरातींत मात्र मिनिटांचा आकडा ठळक मराठीत आणि तारांकित अटी मुंगीएवढ्या इंग्रजीत दिसतात. हे सुधारायला कोणत्याही संशोधनाची वाट पाहायला नको. जाहिरात विभाग आपल्याच इमारतीत असेल.

आपला,
एक शिल्प निदेशक, मिरज