कुत्रा अनवाणी असतो!

महोदय,
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तरी आमच्या गल्लीत दुपारी ४ वाजता कुत्रे फिरवणारे दिसतातच. स्वतःच्या पायात चपला, कुत्रा मात्र अनवाणी! गेल्या वर्षी हा गाढवपणा मीही केला. आमच्या मोत्याच्या पंजांना फोड आले. आता आधी डांबरावर हाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवतो. चटका बसला की फेरी रद्द. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून तो अंग थंड करतो. म्हणून फिरणं पहाटे साडेपाचला. दुपारी कूलरसमोर गोणपाटाच्या घड्यांत पोळीचे तुकडे लपवतो. हुंगून शोधता शोधता स्वारी दमते. फाटकाबाहेर पाण्याचं टाकंही ठेवलंय. गल्लीतली कुत्री येतात, गाईही. शेजारी कुरकुरतात, कुरकुरू देत.

– एक निवृत्त शिक्षक, नागपूर